बोयनोकवरचा आळ

१

कुत्र्याला मारायला मला बोलावलं होतं, आणि कुत्रा माझ्याकडे बघून शेपटी हलवत होता. माझ्या धंद्यात याहून वाईट सकाळ नसते.

मर्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात मी गुरांचा डॉक्टर. नाव मदामिन. गायी, मेंढ्या, कधी एखाद्या हौशी बाईची मांजर. लोक मला चहा पाजतात, आग्रहानं जेवू घालतात, आणि पाठ वळली की 'ढोरडॉक्टर' म्हणतात. म्हणू देत. पण त्या दिवशी महफुझाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि वाटलं, आज आपण ढोरांचेसुद्धा डॉक्टर नाही, नुसते खाटीक.

द्राक्षाच्या मांडवाखाली महफुझाची पोर बसली होती. ओयदिन. एक पाय लांब केलेला, दोन्ही हात बोयनोकच्या गळ्यात. बोयनोक म्हणजे तो कुत्रा, मानेवर पांढरा पट्टा असलेला, वयस्कर, जगावर विश्वास ठेवणारा.

"मदामिन-अका, उभे काय राहिलात? सुई काढा," महफुझा म्हणाली. डोळे सुजलेले, पण आवाज कडक.

तिचंही चुकत नव्हतं. आदल्या वसंतात ओयदिनचा घोटा मोडला. आत धातूची पट्टी बसवली, तिला जंतू लागला, पट्टी काढावी लागली आणि हाड वाकडं जुळलं. पोर तेव्हापासून लंगडते. आता ताश्कंदचे एक नावाजलेले हाडांचे सर्जन जूनमध्ये फरगान्याला येणार होते. पाय सरळ करून देतो म्हणाले. अट एकच, पोरीच्या नाकात आणि कातडीवर तो जंतू सापडता कामा नये, नाहीतर नवी पट्टीसुद्धा जाईल आणि कदाचित पायही. थंडीत तपासलं तेव्हा पोर स्वच्छ होती, म्हणून तर तारीख मिळाली. आणि आता मे महिन्यात तपासलं तर जंतू पुन्हा हजर! असा हट्टी, की नेहमीच्या औषधांना दाद देईना. ही संधी हुकली तर वाढत्या वयाचं हाड तसंच पक्कं होणार, म्हणजे जन्माची लंगडी.

फरगान्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे कुत्र्याच्या नाकातला नमुना मागितला होता. मी शहाणा, लगेच दिला. त्यातही तोच जंतू निघाला. म्हणजे बोयनोकच्या गळ्यात फास मीच अडकवला होता.

"त्याला सुई दिलीत तर मी ऑपरेशनला जाणारच नाही," ओयदिन म्हणाली. "राहीन लंगडी."

"राहा! आणि तुझ्याशी लग्न कोण करील, हा कुत्रा?" महफुझा ओरडली आणि लगेच तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

"सकाळी सकाळी रडू नका गं अंगणात," आतून म्हातारीचा आवाज आला. इनोबत-बुवी, महफुझाची सासू. मोठ्या खोलीच्या दारात कमरेला किल्ली लावून उभी. "कुत्रं ते कुत्रं. त्याच्यामुळे या घरात फरिश्ते पाय ठेवत नाहीत. द्या एकदाचं काय द्यायचं ते."

मी पेटी उघडली. तेवढ्यात फाटकातून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, ती पेटी बंद करा. साक्षीदाराला मारून खटला चालवायचा असतो होय?"

२

साओदत-ओपा म्हणजे त्याच प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि खिशात हिरवे जर्दाळू. मीठ लावून एकेक खात होत्या. बघूनच माझे दात आंबले.

"घरातल्या सगळ्यांचे नमुने घेते," त्या म्हणाल्या. "निकाल येईपर्यंत कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही. मंजूर?"

"आणि तोवर त्यानं पोरीला चाटत बसायचं?" महफुझा.

"तो चाटतो का, तेच विचारणार आहे."

मग त्यांनी चौकशी सुरू केली. असली चौकशी मी जन्मात पाहिली नव्हती. आजार नाही, ताप नाही, काही नाही. प्रत्येकीला एकच प्रश्न, "तुझ्या हातांचा दिवस सांग. सकाळपासून हात कुठेकुठे गेले?"

महफुझा म्हणाली, "पहाटे कणकेत. मग कारखान्यात मागावर. संध्याकाळी तुतीच्या फांद्या तोडून आणायच्या, मग भांडी. सासूबाईंच्या पाहुण्यांचं पोट भरता भरता माझं कंबरडं मोडलंय."

"पाहुणे?"

"रेशमाचे किडे हो. या घरात त्यांना किडे म्हणायचं नाही, पाप लागतं."

मोठ्या खोलीला कुलूप होतं ते त्यांच्यासाठीच. हंगामात आमच्या गावात मोठी खोली माणसांची नसते. किडे आत, माणसं बिछाने घेऊन अंगणात. त्या खोलीत परक्यानं जायचं नाही, चौकशी करायची नाही, 'यंदा कसे आहेत' असंसुद्धा विचारायचं नाही. दृष्ट लागली की एका दिवसात सगळे काळे पडतात. मी इतकी वर्षं या घरात येतो, पण त्या दाराकडे बघताना मीसुद्धा नजर खाली घालतो. साओदत-ओपाही फरगान्याच्या खोऱ्यातल्याच. त्यांनीही विषय तिथेच सोडला.

मग आली मुहय्यो, ओयदिनची आत्या. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी राहणारी, इस्पितळात नर्स. "माझ्या हातांचं काय विचारता? दिवसभर रोग्यांत, आणि दिवसभर साबणपाण्यात. घरी आले की आई तुतीच्या पानांजवळ फिरकू देत नाही. म्हणे तुझ्या हातांना दवाखान्याचा वास येतो, पाहुण्यांना सोसत नाही."

"कामं चुकवायला बरंय," महफुझा पुटपुटली.

"आणि जंतू कोण आणतं गं घरात? मी, असंच म्हणायचंय ना तुला, वहिनी? स्पष्ट म्हण!"

"म्हणतेच! रोग्यांत तू, आणि आजारी माझी पोर!"

नणंद-भावजयीचं भांडण सोडवायला जाणारा शेवटी दोघींचा मार खातो, म्हणून मी चहाच्या पेल्यात बघत बसलो.

इनोबत-बुवीनं दारातूनच सांगितलं, "नमाज, चहा, पानं. चहा, पानं, नमाज. म्हातारीच्या हातांना आणखी कुठं जायचंय? या उंबऱ्याबाहेर मी रमजानच्या ईदनंतर पडलेली नाही."

पोरीचा बाप मजुरीसाठी परमुलखात, म्हणून राहता राहिली ओयदिन. "पायामुळे बसूनच करते मी सगळं. फांद्यांवरची पानं ओरबाडून ढीग घालते. बुवी वरून पाणी शिंपडते. मग मी टोपल्या भरते."

"आणि बोयनोक?"

"शेजारीच असतो. वापरलेल्या फांद्यांच्या ढिगावर झोपतो, ऊब असते तिथे."

"हात चाटतो?"

"एरवी चाटतो," पोर हिरमुसली. "हल्ली नाही. दर वसंतात तो माझ्यावर रुसतो. हात पुढे केला की शिंकतो आणि मान फिरवतो."

साओदत-ओपांचा जर्दाळू तोंडाशी गेला होता, तो तिथेच थांबला. मला वाटलं, फारच आंबट निघाला असेल.

३

परतताना त्या माझ्याच गाडीत बसल्या. "डॉक्टर, या जंतूची एक खोड सांगते. तो ज्या औषधांना जुमानत नाही त्यांत एक फार जुनं आहे. लेवोमित्सेतिन. पांढरी, कडूजहर गोळी."

"माहीत आहे. आमची आई पोट बिघडलं की द्यायची. हल्ली कोण घेतं?"

"तोच तर प्रश्न आहे. जंतू उगाच निगरगट्ट होत नाही. एखादं औषध जिथे सारखं सारखं समोर येतं तिथे दुबळे जंतू मरतात आणि हा एकटा ऐसपैस पसरतो. जुन्या औषधाशी झुंजता झुंजता नव्यांनाही पुरून उरतो. म्हणजे त्या घरात कुणीतरी ही गोळी घेतंय. निघताना मी सगळ्यांना विचारलं. माणसाला दिली? नाही. जनावराला दिली? नाही. तुम्ही दिलीत?"

"मी?" मी ब्रेकच दाबला. "ओपा, दुभत्या जनावराला हे औषध देणं गुन्हा आहे! मी गरीब असेन, गुन्हेगार नाही."

"चिडू नका हो. गाडी चालवा, औषधाच्या दुकानाकडे."

"कुणीतरी खोटं बोलतंय," मी म्हणालो.

"मला नाही वाटत. सगळ्या खरं बोलल्या. म्हणून तर डोकं चालत नाही माझं."

औषधवाला माझा जुना दोस्त. त्या गोळीचं नाव काढताच हसायला लागला. "मदामिन, अरे आपल्या मोहल्ल्याची गंमत आहे. एप्रिल लागला की झाडून सगळ्या म्हाताऱ्यांची पोटं बिघडतात! ओंजळीनं नेतात ही गोळी. आणि जून उजाडला की सगळ्या ठणठणीत."

मी पोट धरून हसलो. साओदत-ओपा हसल्या नाहीत.

"इनोबत-बुवीचं पोट कसं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"तिचं? लग्नातली पुलावाची परात एकटी रिकामी करील."

"आणि गोळ्या नेते का हो ती?" हा प्रश्न दुकानदाराला.

"सगळ्यांत जास्त, शेजारणीच्या हातून मागवते," तो म्हणाला.

४

निकाल घेऊन साओदत-ओपा आल्या तेव्हा अख्खं घर चौथऱ्यावर जमलं होतं. मीही होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मन घरी थांबेना.

"मुहय्यो," त्या म्हणाल्या.

"सांगा," मुहय्योनं डोळे मिटून घेतले. महफुझा तिच्याकडे अशी बघत होती, जणू निकाल आधीच लागलाय.

"तुम्ही स्वच्छ आहात. नाकही, हातही."

दिवसभर रोग्यांत वावरणारी बाई स्वच्छ!

"महफुझा, तुमच्या हातांवर थोडा सापडला. आणि सर्वांत जास्त, कुत्र्यापेक्षाही जास्त, पोरीइतकाच..." त्या थांबल्या. "इनोबत-बुवी, तुमच्या हातांवर."

म्हातारी हसलीच. "माझ्या? मी घराबाहेर तरी पडते का गं बाई?"

"म्हणजे कुत्र्यानं सगळ्यांनाच दिला!" महफुझा उठली. "पोरीला दिला, म्हातारीला दिला, मलाही दिला. अजून काय पुरावा हवा? कुठाय तो? मदामिन-अका, आजच्या आज मोकळं करा आम्हाला. बोयनोक! ए बोयनोक!"

बोयनोक आला नाही.

फांद्यांच्या ढिगावर नाही, तंदूरमागे नाही, फाटकाबाहेर नाही. गल्लीतली पोरं म्हणाली, बाहेर पडताना कुणी पाहिलाच नाही. महफुझानं ओयदिनला दरडावलं, "कुठे लपवलास?"

"मी नाही! आई, शप्पथ, मी नाही!" पोर भोकाड पसरून रडायला लागली. लंगडत लंगडत सगळीकडे हाका मारत सुटली. तिचं रडणं नाटकी नव्हतं. मला गुरं कळतात तशी लहान पोरंही कळतात.

पडवी झाली, माळा झाला, कोंबड्यांचं खुराडं झालं. राहिली फक्त मोठी खोली. पण तिकडे कुणी बघेना. तिथे परका माणूस जात नाही, तर कुत्रं कुठून जाणार?

आणि तेवढ्यात, त्या कुलूपबंद दारामागून, कुणीतरी शिंकलं.

५

सगळ्यांच्या नजरा म्हातारीच्या कमरेच्या किल्लीवर गेल्या.

"बुवी?" ओयदिन हळूच म्हणाली.

इनोबत-बुवीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग ती एकदम फणकारली, "मग काय करायचं होतं? पोर जेवायची बंद झाली! सकाळी तुम्ही सगळ्या कामाला गेलात, तेव्हा घातला आत. म्हटलं, तिथे कुणाची हिंमत होणार नाही शोधायची."

"ओयी, तुम्ही?" महफुझा सासूकडे वळली. "तुमच्या पाहुण्यांत? कुत्रा?"

"किडे दर वर्षी येतात. नात एकच आहे मला."

कुत्र्याला नावं ठेवणाऱ्या त्या म्हातारीकडे मी बघतच राहिलो. हंगामात जिनं सख्ख्या लेकीलाही त्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिनं तिथे बोयनोकला आसरा दिला होता.

किल्ली फिरली. आत ऊब, अर्धवट अंधार, आणि हजारो किडे पानं खात असल्याचा पावसासारखा आवाज. माचणांवर जाड, पांढरे, तजेलदार किडे. खाली बोयनोक नाक घासत बसलेला, पुन्हा शिंकला. त्याच्याजवळ झाकलेली बादली आणि शिंपडायची केरसुणी.

साओदत-ओपांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. "येऊ का आत, बुवी?" म्हातारीनं मान हलवली. ओपांनी बादलीवरचं झाकण उचललं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड कडू केलं.

"माझी आईही किडे पाळायची, बुवी. तिनं मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की ओलं पान किड्याला द्यायचं नाही, रोग होतो. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ओयदिन म्हणाली की बुवी पानांवर पाणी शिंपडते, तेव्हा मी विचारात पडले. इतकी जाणती बाई पानं ओली का करील? म्हणजे ते पाणी नुसतं पाणी नसणार, आणि खायला घालण्याआधी वाळवलं जात असणार."

"गोळ्या," म्हातारी म्हणाली. "कुटून, पाण्यात कालवून. गल्लीत सगळ्याच घालतात. एका वर्षी माझे सगळे काळे पडून मेले होते, तेव्हा शेजारणीनं सांगितलं. पण तू विचारलंस ते माणसाचं आणि जनावराचं. मी खोटं बोलले नाही. पाहुणे काय जनावर असतात?"

"खोटं नाही बोललात. चूक माझी, मी प्रश्नच अपुरा विचारला."

मग त्या महफुझाकडे वळल्या. "कुत्रा बारा महिने तुमच्या अंगणात आहे. तरी पोर थंडीत स्वच्छ होती. जंतू येतो तो तुतीच्या हंगामात. कुत्र्याच्या जिभेतून आला म्हणाल, तर तो या दिवसांत तिचा हात चाटतच नाही, कारण हात कडू लागतो. बिचारी समजते की रुसला. मुहय्यो रोग्यांत राहूनही स्वच्छ, कारण तिला पानांजवळ येऊ देत नाहीत. ज्यांचे हात या पानांत, त्यांच्याच अंगावर जंतू. आणि बोयनोक झोपतो त्याच पानांच्या उरलेल्या ढिगावर."

"म्हणजे कुत्र्यानं नाही दिला?" मी विचारलं.

"पहिला कुणी कुणाला दिला, हे देवच जाणे. पोरीनं मोडक्या पायासोबत इस्पितळातून आणला असेल, तिनं कुत्र्याला दिला असेल, त्यानं परत तिला. एका अंगणात राहणारे सगळे एकमेकांना देतातच. पण तो जात का नाही, हे आज कळलं. आपण नाकात मलम घालून हाकलायचं आणि इथे रोज ओल्या हातांनी त्याच्या वैऱ्यांना मारून त्याला जागा करून द्यायची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आणि मी त्या कळशापायी बोयनोकला मारायला निघालो होतो.

इनोबत-बुवी मात्र काही ऐकतच नव्हती. ती आपले दोन्ही हात समोर धरून बघत होती.

"म्हणजे मी," ती म्हणाली. "माझ्या नातीचा पाय मी वाकडा केला."

६

किडे कोष विणायला बसायला थोडेच दिवस राहिले होते, सगळ्यांत अवघड दिवस. औषध बंद केलं तर पीक जाण्याची भीती होती. साओदत-ओपा तसं स्पष्ट बोलल्या. म्हातारीनं एका शब्दानं वाद घातला नाही. बादलीतलं पाणी गटारात ओतायला निघाली तेव्हा ओपांनीच अडवलं, तिथे गेलं तर उद्या साऱ्या गल्लीचे जंतू निगरगट्ट होतील. त्या स्वतः ते बंद डब्यात घेऊन गेल्या.

मग सुरू झाली घराची धुलाई. सगळ्यांना नाकात मलम, खास साबणानं अंघोळ, उकळत्या पाण्यात चादरी. फांद्यांचा ढीग माझ्यादेखत जाळला. बोयनोकलाही रोज अंघोळ, आणि ती घालायची कुणी? तर महफुझानं. "मेल्या, माझ्या नवऱ्यालासुद्धा मी इतकं चोळलं नव्हतं," असं म्हणत ती त्याला साबण लावायची आणि तो तिच्या तोंडावर पाणी झटकायचा. पानांचं काम मुहय्योनं मागून घेतलं, हातमोजे घालून. कोरडी पानं, स्वच्छ माचणं. काही किडे मेले, खोटं नाही सांगत. पण बहुतेकांनी कोष विणले.

फक्त इनोबत-बुवी बदलली. तिनं ओयदिनला हात लावणं सोडलं. ताट लांबून सरकवायची. पोर जवळ आली की हात पाठीमागे घ्यायची. साओदत-ओपांनी समजावलं, हात धुतले की पुरे. महफुझा म्हणाली, "ओयी, असं काय करता?" पण म्हातारी ऐकेना. दिवसभर हौदापाशी बसून हात धुवायची, सालं निघेपर्यंत.

पहिला निकाल चांगला आला. सर्जनना आणखी एक हवा होता. तोही चांगला यावा म्हणून मी गुरांचा डॉक्टर, नमाजाला आळशी माणूस, शुक्रवारी मशिदीत पुढच्या रांगेत बसलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

निकाल साओदत-ओपांनी फोनवर सांगितला. पोर स्वच्छ, आई स्वच्छ, कुत्रा स्वच्छ. "आणि म्हातारीला सांगा," त्या म्हणाल्या, "तिचे हात साऱ्या मोहल्ल्यात सगळ्यांत स्वच्छ आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन दारात उभा. फरगान्याला जायचं होतं. महफुझानं पोरीला नवे कपडे घातले होते, केस मात्र मोकळे. पाठीवर पसरलेले, कमरेपर्यंत.

"वेण्या घाल की गं, उशीर होतोय," मी ओरडलो.

"माझ्याच्यानं नाही होणार," महफुझा म्हणाली. ती फणी घेऊन सासूसमोर जाऊन उभी राहिली. "ओयी, तुम्ही घाला. ऑपरेशनला जाताना पोरीच्या केसांत तुमचा हात हवा."

इनोबत-बुवीचे हात पाठीमागेच राहिले.

"घ्या ना, ओयी. माझंही चुकलंच की. त्या मुक्या जिवाला मारायला मीच निघाले होते."

ओयदिन लंगडत आली आणि म्हातारीच्या पुढ्यात पाठ करून बसली. "बुवी, बारीक बारीक घाल हं. सुटता कामा नयेत."

मग म्हातारीनं फणी घेतली, ओढणीच्या टोकाला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पहिली बट हातात धरली. रडत रडत वेण्या घालत होती आणि मध्येच पोरीला "हलू नकोस गं" म्हणून दटावत होती. मी गाडीचं इंजिन बंद केलं आणि उतरून सावलीत बसलो. उशीर झाला तर झाला, सर्जनच्या शिव्या मी खाईन.